हरबाची फोडणीबंदी

वरण आजही बिनफोडणीचंच होतं.

भास्करआजोबांनी काळा चष्मा नाकावर खाली ओढून वाटीत डोकावून पाहिलं. एक मोहरी नाही, कढीपत्त्याचं पान नाही, हिंगाचा वास नाही. आजोबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण त्यांची ख्याती वेगळीच होती. मधल्या सुट्टीत कुणी डबा उघडला, की फोडणी कशाची आहे हे ते लांबूनच सांगायचे. अशा माणसाला इतके दिवस नुसतं उकडलेलं वरण गिळावं लागणं म्हणजे शिक्षाच. आणि गंमत अशी, की ही शिक्षा त्यांची त्यांनीच ओढवून घेतली होती.

त्याचं असं झालं. आजोबांची नात जुई हिला सुट्टी लागल्या लागल्या कांजिण्या आल्या. जुईचे आई-बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होते आणि वर्षातले बरेच महिने तिकडेच असायचे. जुई साताऱ्याला, यवतेश्वरच्या उतारावर वसलेल्या नव्या वसाहतीत आजी-आजोबांकडे राहायची. कुमुदआजी संगणकशास्त्रज्ञ होत्या आणि नेमक्या तेव्हाच कामासाठी हैदराबादला गेल्या होत्या. घरात उरले जुई, आजोबा आणि हरबा.

हरबा म्हणजे घरातला यंत्रमानव. कंपनीनं त्याला काहीतरी आकड्यांचं नाव दिलं होतं, पण तो स्वयंपाकापासून कुंड्यांना पाणी घालण्यापर्यंत सगळी हरकामं करतो म्हणून आजोबांनी त्याचं नाव हरबा ठेवलं. त्याच्या डोक्यात नियम-इंजिन (‘असं असेल, तर तसं कर’ अशा नियमांवर विचार करणारी व्यवस्था) होतं. त्याला नियम शिकवायला बटणं दाबावी लागत नसत. साध्या मराठीत सांगितलं की पुरे.

आजोबांच्या लहानपणी कुणाला कांजिण्या आल्या, की त्यांची आई दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायची. बाहेरचं कुणी घरात येऊ द्यायची नाही आणि घरात फोडणी करायची नाही. यातलं लोकांना लांब ठेवणं डॉक्टरही सांगतात, कारण कांजिण्या एकाच्या दुसऱ्याला लगेच होतात. फोडणीचं काय, ते आजोबांनाही सांगता आलं नसतं. पण नात तापानं फणफणलेली, बायको परगावी, अशा वेळी माणसाला आपली आई आठवते. आजोबांनी हरबाला समोर बसवलं आणि आईचे सगळे नियम शिकवले. घरात कांजिण्या असतील, तर दाराला कडुलिंब बांध. फोडणी बंद ठेव. पाहुण्यांना आत घेऊ नको.

हरबानं ते तंतोतंत पाळलं. यथावकाश जुईच्या अंगावरच्या खपल्या पडल्या, डॉक्टरीणबाईंनी येऊन तिला पूर्ण बरी ठरवलं आणि हरबालाही तसं सांगितलं. तरीही दाराला रोज नवी ताजी डहाळी लागत होती आणि वरण पिवळंधमक, शांत, बिनफोडणीचं येत होतं. आजोबा एकदा स्वतःच शेगडीपाशी गेले, तर हरबानं शेगडीच बंद केली.

आज जेवताना आजोबांनी शेवटी उलटतपासणी घेतली.

“हरबा, जुईला कांजिण्या आहेत का?”

“नाहीत आजोबा. जुई बरी झाली आहे.”

“मग तू फोडणी का देत नाहीस?”

“घरात फोडणी बंद आहे.”

“अरे पण का बंद आहे?”

हरबाचे डोळे दोनदा मिचमिचले. “ते मला ठाऊक नाही. बंद आहे, एवढं ठाऊक आहे.”

कुमुदआजींना हसू आवरेना. परवाच आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून त्या हैदराबादहून धावत आल्या होत्या, आणि डोळ्यात थेंब घालण्याच्या गडबडीत त्यांचं वरणाकडे लक्षच गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, की दुपारी जरा पाठ टेकते आणि मग हरबाच्या डोक्यात काय अडकलंय ते बघते. तोवर कुणी त्याला हात लावू नका.

जुई मात्र हसली नाही. तिला फोडणीचं काही पडलं नव्हतं. तिची काळजी वेगळीच होती.

मागच्या गल्लीतली गोदा काटकर तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघींची शाळा एक, बाक एक, भांडणंसुद्धा ठरलेली. गोदाच्या आईची चंद्रपूरला बदली झाली होती आणि उद्या सकाळी ते सगळे निघणार होते. जुई आजारी पडल्यापासून गोदा एकदाही आली नव्हती. मी आजारी होते तोवर ठीक, पण बरी झाल्यावरही? वसाहतीत बारा वर्षांखालच्या मुलांना फोन देत नसत, म्हणून जुईनं रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून वाट पाहिली. स्वतः जाऊन यावं असं तिला खूपदा वाटलं. पण आजारी मी होते, मग यायला नको का तिनं? जायचंच असेल तर जा म्हणावं चंद्रपूरला. असं मनाशी म्हणून ती खोलीत जायची आणि उशीत तोंड खुपसून रडायची.

आजी झोपल्या आणि आजोबांना धीर धरवला नाही. ते हळूच स्वयंपाकघरात गेले आणि जुईला खुणेनं बोलावून म्हणाले, की यात शास्त्रज्ञ कशाला हवा, साधी गोष्ट आहे. एक नियम बंदी घालतो ना, मग ती उठवणारा उलटा नियम देऊन टाकू. त्यांनी हरबाला सांगितलं, “घरातल्या कांजिण्या संपल्या असतील, तर फोडणी सुरू कर.”

“समजलं,” हरबा म्हणाला, आणि क्षणात कामाला लागला. बिचाऱ्याला इतक्या दिवसांनी संधी मिळाली होती. त्यानं कढल्यात तेल तापवलं, मोहरी तडतडवली, वर चांगल्या चार-पाच सुक्या मिरच्या टाकल्या. आजोबा डोळे मिटून वास घेत उभे राहिले, आणि पुढच्याच क्षणी असा ठसका उठला की तिघांपैकी दोघे खोकायला लागले. तिसरा यंत्र होता म्हणून वाचला. आजोबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आजी उठून धावत आल्या. त्यांनी खिडक्या उघडल्या, आजोबांचा डोळा तपासला, थेंब घातले आणि काही झालं नाही अशी खात्री झाल्यावर मग त्यांना फैलावर घेतलं.

“अहो, धूर आणि ठसका शुक्रवारपर्यंत चालणार नाही, असं डोळ्याच्या डॉक्टरांनी तुमच्या देखत हरबाला सांगितलंय. फोडणी आता तुमच्या डोळ्यासाठी बंद आहे.”

आजोबांनी लहान मुलासारखी मान खाली घातली. ते त्यांना चांगलं आठवत होतं. फक्त वरणापुढे ते सोयीस्कर विसरले होते.

जुई मात्र विचारात पडली. उलटा नियम तर बरोबर होता. कांजिण्या खरंच संपल्या होत्या. मग चुकलं कुठे? तिनं आजींना तसं विचारलं, तेव्हा आजींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि हरबाला जवळ बोलावलं. घरात या क्षणी काय काय बंद आहे आणि काय लागू आहे, ते सगळं त्यांनी त्याला मोठ्यानं सांगायला लावलं.

“दाराला कडुलिंब बांधायचा,” हरबा सांगू लागला. “पाहुण्यांना आत घ्यायचं नाही. पाहुणे आत यायचे नाहीत, म्हणून दारावरची घंटा बंद ठेवायची.”

जुईनं त्याला मध्येच थांबवलं. “हरबा, गोदा आली होती?”

“हो. रोज संध्याकाळी पुढच्या फाटकाशी यायची. मी तिला परत पाठवायचो. परवा शेवटची आली.”

“परवा काय म्हणाली?”

“म्हणाली, जुई तर मला गॅलरीत दिसली, बरी झाली ना ती? मी म्हणालो, हो, जुई पूर्ण बरी आहे. पण तू आत यायचं नाहीस.”

गॅलरी घराच्या मागच्या अंगाला होती आणि फाटक पुढच्या. जुई मागे वाट पाहत होती, तेव्हा गोदा पुढच्या बाजूनं मान खाली घालून परत जात होती. जुईला रडू कोसळलं. हरबावर ओरडावं असंही तिला वाटलं, पण तो इतक्या निष्पाप चेहऱ्यानं उभा होता की ओरडणार तरी काय. आजोबांचा चेहरा पडला. नियम त्यांचेच होते ना. ते जुईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि आजींना म्हणाले, की कुमुद, माझं वरण राहू दे, आधी हे नीट कर.

आजी जुईला घेऊन गॅलरीत गेल्या. तिथं वाळत घालायची दोरी होती, चिमटे होते आणि भिंतीला एक जुनी लाकडी फळी ठोकलेली होती.

आजींनी एक रुमाल घेतला आणि म्हणाल्या, की समज, हा रुमाल म्हणजे ‘पाहुणे बंद’. हरबाला ही गोष्ट कुणी थेट सांगितली नव्हती. घरात कांजिण्या आहेत हे त्याला कळलं आणि नियमावरून त्यानं ती स्वतः काढली. अशा काढलेल्या गोष्टीला निष्कर्ष (आधीच्या माहितीवरून मिळालेली नवी माहिती) म्हणतात. आता हरबानं काय केलं असेल? आजींनी रुमाल फळीवर धरला आणि हातोडीनं खिळा ठोकला. मग विचारलं, की कांजिण्या गेल्या, तर या रुमालाचं काय होईल?

“काहीच नाही,” जुई डोळे पुसत म्हणाली. “तो तसाच राहील. त्याला कांजिण्यांचं काही माहीतच नाही.”

“म्हणून तर त्याला कारण सांगता येईना. रुमाल आठवतोय, पण तो कशामुळे लागला ते कुठे ठेवलेलंच नाही.”

आता आजींनी खिळा उपटला आणि तोच रुमाल दोरीवर एका चिमट्यानं अडकवला. हा चिमटा म्हणजे ‘जुईला कांजिण्या आहेत’. जुईनं चिमटा काढला आणि रुमाल आपोआप खाली पडला. त्याला पाडायला वेगळा माणूस लागला नाही, वेगळा नियमही लागला नाही.

मग आजींनी दुसरा रुमाल घेतला. तो फोडणीबंदीचा. त्याला दोन चिमटे लावले. एक कांजिण्यांचा, एक आजोबांच्या डोळ्याचा. जुईनं कांजिण्यांचा चिमटा काढला, तर रुमाल एका कोपऱ्यावर लोंबकळला, पण पडला नाही.

“आजोबांनी रुमाल ओढून काढला,” जुई हळूहळू म्हणाली. “दुसरा चिमटा आहे का ते न बघता.”

दारात उभे असलेले आजोबा म्हणाले, की ओढला आणि डोळ्यात गेला. त्यावर जुई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

आजींनी पुढे समजावलं, की उलटे नियम लिहीत बसलं की हेच होतं. प्रत्येक उलट्या नियमाला बाकीची सगळी कारणं माहीत असावी लागतात. उद्या घरात नवं बाळ आलं आणि तिसरं कारण निघालं, की जुने उलटे नियम पुन्हा शोधून दुरुस्त करा. त्यापेक्षा प्रत्येक निष्कर्षाला त्याचे आधार (तो ज्या गोष्टींमुळे खरा ठरतो त्या गोष्टी) कायम जोडलेले ठेवायचे. एक आधार गेला तरी दुसरा असेल, तर निष्कर्ष टिकतो. शेवटचा आधार गेला, की निष्कर्षही जातो.

“आणि घंटा?” जुईनं विचारलं. “ती तर कांजिण्यांमुळे बंद नव्हती. पाहुणे बंद होते म्हणून बंद होती.”

आजींनी तिच्या हातात एक पायमोजा दिला. जुईनं क्षणभर विचार केला आणि पाहुण्यांच्या रुमालाला खालून चिमट्यानं पायमोजा अडकवला. मग वरचा चिमटा काढला. रुमाल पडला आणि त्याच्याबरोबर पायमोजाही. तिला इतका आनंद झाला की तिनं तो प्रयोग पुन्हा करून पाहिला.

पण तिच्या मनात अजून एक शंका होती. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हेही हरबाला माहीत होतं. तेही चिमट्यानं लावायचं का? आजींनी तिला उलट विचारलं, की ते हरबानं कुठल्या नियमावरून काढलं? कशावरूनच नाही, आईनं सांगितलं होतं, असं जुई म्हणाली. मग ते खिळ्यानंच ठोकायचं, आजी म्हणाल्या. माणसानं सांगितलेली गोष्ट आपोआप पडत नाही. सांगणाऱ्या माणसानंच ती बदलायची असते. सगळं खिळ्यानं ठोकलं तर हरबा हटवादी होईल, सगळं चिमट्यानं लावलं तर महत्त्वाचं हरवून बसेल. कुठे काय वापरायचं, हे कळणं म्हणजेच यंत्राला विचार करायला शिकवणं. आजी हैदराबादला तेच करत होत्या. एका दवाखान्याच्या यंत्रांना त्या शिकवत होत्या, की रोग्याचा ताप उतरल्यावर तापामुळे घातलेली कुठली बंधनं उठवायची आणि कुठली दुसऱ्या कारणासाठी ठेवायची.

हरबाला शिकवायचं काम आजींनी जुईकडेच दिलं. जुईनं आधी आजोबांचा उलटा नियम काढून टाकला. मग हरबाला बजावलं, की जे तू स्वतः काढतोस, ते प्रत्येक वेळी कारणांसकट ठेव. सगळी कारणं गेली, की तेही सोड. माणसांनी सांगितलेलं मात्र त्यांना विचारल्याशिवाय सोडू नको. हरबाच्या डोक्यात जुने निष्कर्ष नव्यानं तपासले गेले.

“पाहुणे बंद नाहीत,” तो म्हणाला. “घंटा सुरू केली. कडुलिंबाला कारण उरलेलं नाही. फोडणी बंद आहे, कारण आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे.”

आजोबांनी मोठा उसासा सोडला. पण ‘कारण’ हा शब्द हरबाच्या तोंडून ऐकून त्यांनाही बरं वाटलं.

जुई दाराशी जाऊन बसली. बंदी उठली, घंटा सुरू झाली, म्हणजे आता गोदा येणार. ती बराच वेळ बसून राहिली. ऊन उतरत आलं. घंटा काही वाजेना. वर पाहिलं, तर दाराला कडुलिंबाची डहाळी तशीच होती.

“हरबा, डहाळी का काढली नाहीस?”

“बांधायची गरज नाही, असं माझ्या डोक्यात झालं,” हरबा म्हणाला. “पण जी आधीच बांधली आहे, ती आपोआप सुटत नाही. ती कुणीतरी हातानं काढावी लागते.”

जुई त्या डहाळीकडे पाहत राहिली. हरबाच्या डोक्यातली बंदी गेली होती, पण हरबानं जे शब्द गोदाला ऐकवले, ते कुठे गेले होते? ते गोदाच्या डोक्यात होते. तिथं अजून तिची समजूत होती, की जुईला मी नकोय. आणि जुईच्या लक्षात आलं, की गोदावरचा आपला राग मात्र केव्हाच नाहीसा झालाय. तो घालवायला कुणी सांगितलं नव्हतं. ‘ती आलीच नाही’ हे खोटं निघालं, आणि राग आपला आपण गेला. गोदाचं दुःख असंच जाऊ शकेल, पण त्यासाठी तिला खरं कळायला हवं, आणि ते सांगायला इथं बसून चालणार नव्हतं.

तिनं स्टुलावर चढून डहाळी उतरवली, चपला घातल्या आणि हरबाला म्हणाली, की चल, तुलाही यायचंय.

काटकरांच्या अंगणात खोक्यांचा ढीग पडला होता. गोदा एका खोक्यावर बसून सुतळीची गाठ सोडवत होती. जुईला पाहून तिचे हात थांबले, पण ती उठली नाही.

हरबा पुढे झाला. “गोदा, मी तुला आत येऊ दिलं नाही, ती माझी चूक होती. जुईला यातलं काही माहीत नव्हतं. मी घंटाही बंद ठेवली होती.”

गोदानं हरबाकडे पाहिलंच नाही. ती जुईला म्हणाली, “मग तू का नाही आलीस?”

सगळ्यांत अवघड प्रश्न तोच होता. याचं उत्तर हरबाच्या नियमांत नव्हतं.

“मला वाटलं, तूच आली नाहीस,” जुई म्हणाली. “म्हणून रुसून बसले. तुझ्याशिवाय मला करमत नव्हतं, तरी रुसून बसले.”

गोदानं ओठ आवळून धरले, पण डोळ्यांनी दगा दिला. मग दोघी एकाच खोक्यावर बसून रडल्या, आणि त्यांच्या वजनानं खोकं दबलं तेव्हा दोघी हसल्या. गोदाच्या आईनं आतून विचारलं, की काय मोडलं गं. गोदा म्हणाली, काही नाही.

थोड्या वेळानं गोदा हळू आवाजात म्हणाली, “आपण शेजारी राहतो, एका वर्गात आहोत, म्हणून मैत्रिणी आहोत. उद्यापासून यातलं काहीच नसेल. मग गं?”

गोदाचं म्हणणं खरं होतं. उद्या शेजार जाणार होता, जूनमध्ये बाकही जाणार होता. सगळे चिमटे एकेक करून निघणार होते. जुई एकदम उठून हरबासमोर उभी राहिली.

“हरबा, एक गोष्ट लक्षात ठेव. गोदा माझी मैत्रीण आहे.”

“ठेवतो,” हरबा म्हणाला. आणि नुकतंच शिकल्याप्रमाणे त्यानं विचारलं, “कशावरून?”

“कशावरूनही नाही. मी सांगते म्हणून.”

हरबाचे डोळे दोनदा मिचमिचले. “म्हणजे ही गोष्ट तू स्वतः बदलेपर्यंत राहील.”

“मग राहीलच,” जुई म्हणाली.

गोदाही उठून शेजारी उभी राहिली. “माझ्याकडूनही लिही,” तिनं हरबाला सांगितलं. नंतर तिनं सुतळीचं एक टोक जुईच्या हातात दिलं, आणि चंद्रपूरला जायचं ते दबलेलं खोकं दोघींनी मिळून पुन्हा घट्ट बांधायला घेतलं.